पावसाआधी भरलेली विहीर

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

डोणगाव, ता. मेहकर
कार्तिक वद्य एकादशी

चि. अनुपमास,

आशीर्वाद. ही ओळ लिहायची असते म्हणून लिहिली. मनात आज दुसरंच आहे.

फोनवर मी दोनदा विचारलं, दोनदा तू फोन ठेवलास. पत्र असं मधेच ठेवता येत नाही, म्हणून लिहिते आहे. उत्तरही मला कागदावरच पाहिजे.

दिवाळीत आलीस तेव्हा मला काय सांगितलंस? "मावशी, फेलोशिप नाही मिळाली, जागाच कमी होत्या." मी म्हटलं, असू दे, पोरीनं मेहनत केली. महाराजांना नारळ बोलले होते, तो तरीही फोडला. तू गेल्यावर तुझी कापडी पिशवी इथेच राहिली. धुवायला काढली तर आत कागद. तुझा अर्ज, आणि त्याला जोडलेला त्या तपासणाऱ्या लोकांचा शेरा. सगळं इंग्रजीत. शब्दकोश घेऊन तीन दुपारी बसले आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

जागा कमी असल्याचं त्यात कुठेही नाही. डोणगावच्या विहिरीच्या ज्या नोंदींवर हा अर्ज उभा आहे त्या विश्वास ठेवण्यालायक नाहीत, असं लिहिलं आहे. म्हणजे माझ्या वह्या.

बावीस वर्षं, अनुपमा. महिन्याच्या दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या. देवाच्या अभिषेकाला मी मोटारीचं पाणी घेत नाही, परसातल्या विहिरीतून हाताने ओढते. त्या दोराला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या आहेत. कळशी पाण्याला टेकेपर्यंत किती हात दोर सुटला तो आकडा लिहायचा आणि समोर तिथी. पहिल्यांदा फक्त नवा दोर किती दिवस पुरतो ते पाहायचं होतं, पुढे सवयच लागली. तू भूगर्भातल्या पाण्याचा अभ्यास करणार म्हणालीस, वह्यांचे फोटो काढून नेलेस, तेव्हा मला कोण आनंद झाला होता. आपलं पूजेचं पाणी पोरीच्या विद्येला उपयोगी पडतंय म्हणून.

आणि दुसरं. पहिल्याच पानावर तू माझी ओळख करून दिली आहेस. तो शब्द मी कोशात दोनदा पाहिला, चुकून दुसराच अर्थ निघेल म्हणून. "खेड्यातली एक निरक्षर स्त्री." निरक्षर बाई बावीस वर्षं वह्या लिहिते, आणि अर्ज वाचणाऱ्या एकालाही त्याचं नवल वाटू नये? मी मॅट्रिक पास आहे. गणितात शंभरात एक्क्याऐंशी. तुझे काका आडतीत दिवाणजी, पण बेरीज अडली की अजून माझ्यापुढे आणून ठेवतात.

तर मला दोनच गोष्टी सांग. माझ्या नोंदींत खोट कुठे निघाली? आणि मला निरक्षर कोणी केलं?

काका म्हणतात, "काऊन त्या पोरीच्या मागं लागून राह्यली? नाही भेटलं त नाही भेटलं." त्यांना आज दुपारचा चहा मिळालेला नाही.

मावशी


पुणे
२१ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस,

नमस्कार.

पिशवी धुवायला काढलीस ते ठीक. कागद वाचायला कोणी सांगितलं होतं? ते माझं अपयश होतं आणि माझ्या पिशवीत होतं. तू त्याचे तीन दुपारी शब्दार्थ काढत बसलीस हे वाचून मला कसं वाटलं असेल, याचा विचार कर.

खोटं बोलले, हो. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले.

आता विचारलंच आहेस तर ऐक. ही फेलोशिप म्हणजे दोन वर्षांचं प्रशिक्षण असतं, संशोधन कसं करायचं ते शिकवतात, शिवाय दरमहा पैसे. एकदा नाकारलेला अर्ज सुधारून पुन्हा एकदाच देता येतो. मुदत १० जानेवारी. त्यानंतर माझं वय बसत नाही. म्हणजे ही शेवटची खेप. नाही जमलं तर शिकवणी वर्गात अकरावीच्या मुलांना भूगोल शिकवत राहायचं.

तपासणाऱ्यांचे आक्षेप दोन आहेत. एक, तुझ्या नोंदींप्रमाणे विहिरीचं पाणी दरवर्षी पाऊस पडायच्या आधीच वर येतं. हे कसं होईल? दोन, २०१३ ते २०१९ या काळात कितीतरी ठिकाणी लागोपाठच्या दोन नोंदींचा आकडा हुबेहूब एकच आहे. त्यांना वाटतं, कोणीतरी घरात बसून आकडे भरले.

मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, म्हणतात की त्या वह्या अर्जातून काढून टाक, सरकारी विहिरीचे आकडे घे आणि साधासा अर्ज कर. मलाही तेच बरं वाटतं आहे.

निरक्षर हा शब्द मॅडमनी सुचवला होता. मी तो तसाच राहू दिला, ही चूक झाली.

रागावू नकोस, पण एक विचारते. नोंदी त्या-त्या दिवशीच लिहायचीस ना? की मागाहून आठवून?

अनुपमा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

डोणगाव
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

चि. अनुपमास,

आज चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत आणि रोडगे केले, नैवेद्य दाखवला, आणि देवासमोरून उठून थेट हे लिहायला बसले. तुझं पत्र काल आलं. रात्रभर जेवढा राग निवेल तेवढा निवू दिला. निवला नाही.

नोंदी मागाहून आठवून लिहिल्या का, असं तू मला विचारतेस. ज्या दिवशी तुझ्या आईला, माझ्या सख्ख्या बहिणीला, लोणारच्या दवाखान्यात ठेवलं होतं, त्या दिवशीही एकादशीचं पाणी ओढून, आकडा लिहून मग मी एस.टी. धरली. हे कोणाला सांगायची गोष्ट नव्हती. तू सांगायला लावलीस.

पाऊस यायच्या आधी विहीर भरते म्हणे. ज्यानं हे लिहिलं त्यानं जन्मात एक कळशी ओढली नसेल. पण तू तर इथे वाढलीस. तू काऊन मान डोलावलीस? जूनमध्ये त्या विहिरीत डोकावलं की स्वतःचं तोंड दिसत नाही, इतकं पाणी खाली असतं. तुला ते ठाऊक आहे, तरी तुझ्या डोळ्यांपेक्षा त्या शेऱ्यावर तुझा विश्वास.

मला आकडे पाठव. तू माझ्या वह्यांवरून जो तक्ता केलास आणि त्या लोकांना दिलास, तोच. सगळा नको, तीन वर्षांचा पाठव. मी वहीशी ताडून पाहते.

सारख्या आकड्यांचं म्हणशील तर पाणी तेवढंच असेल तर आकडा तेवढाच येणार. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

वह्या काढून टाकायच्या असतील तर टाक. पण आधी त्यांच्यावरचा डाग पुसून मग टाक. आहे तसा ठेवून पळायचं नाही.

तुझ्या मॅडमनी मला कधी पाहिलेलं नाही. त्यांना निरक्षर हा शब्द सुचला कुठून?

मावशी


पुणे
१ डिसेंबर २०२५

ती. मावशीस,

नमस्कार.

तक्ता सोबत आहे. २०२२ ते २०२४. डावीकडे इंग्रजी तारीख, उजवीकडे किती हात दोर लागला तो आकडा. आकडा कमी म्हणजे पाणी वर, हे तुला सांगायला नको. २५ जून २०२४ पाहा. अकरा हात. त्या वर्षी तोवर डोणगावला पाऊस जेमतेम सुरू झाला होता, मी पावसाचे आकडे काढून पाहिले आहेत.

मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही. मला फक्त काम संपवायचं आहे. चाळीस दिवस उरलेत.

अनुपमा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

डोणगाव
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

चि. अनुपमास,

आज संकष्टी. चंद्र निघायला वेळ आहे, उपास आहे, आणि राग असा आहे की भूक कळत नाही.

तुझा तक्ता घेऊन बसले. अठरा जूनला तेवीस हात. पंचवीस जूनला अकरा. मग नऊ जुलैला पुन्हा एकोणीस. ही विहीर आहे की झोका? तू हे लिहून काढलंस तेव्हा तुझा हात थांबला नाही?

आता माझी वही ऐक. तेवीसचा आकडा ज्येष्ठ शुद्ध एकादशीचा. निर्जला होती, ती अठरा जूनच, बरोबर. एकोणीसचा आषाढ शुद्ध चतुर्थीचा, तोही बरोबर. आणि हा अकराचा आषाढ वद्य चतुर्थीचा. गुरुपौर्णिमा होऊन गेल्यावर जी संकष्टी येते ती. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही, पिठाच्या डब्यामागे सगळी वर्षं उभी आहेत. त्या वर्षीचं काढलं. आषाढ वद्य चतुर्थी, २४ जुलै. तू लिहिलंस २५ जून.

मग एकेक ओळ घेतली. शुद्ध पक्षातल्या सगळ्या तारखा बरोबर. वद्य पक्षातली प्रत्येक तारीख एक महिना आधीची. तीन वर्षांत एकही सुटली नाही.

हे कसं होतं ते मला कळायला तीन मिनिटं लागली. आपल्या एस.टी. स्टँडजवळ तो मिठाईवाला आहे ना, त्याच्या घरी श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. त्याची बायको सोमवार धरायला लागली की मी म्हणते, आमचा आषाढ अजून संपायचा आहे. त्यांच्याकडे पौर्णिमा झाली की महिना बदलतो. आपल्याकडे अमावास्या झाल्यावर. म्हणजे आपला जो आषाढ वद्य पक्ष, तो त्यांचा श्रावण. आणि त्यांचा आषाढ वद्य म्हणजे आपला ज्येष्ठ. तू तारखा कुठून काढल्यास? भिंतीवरच्या कॅलेंडरातून नक्कीच नाही.

बावीस वर्षांच्या निम्म्या नोंदी तू एक महिना मागे ढकलल्यास. विहीर पावसाआधी भरली नाही. तू तिला लवकर भरलीस. आणि बट्टा लागला माझ्या वह्यांना.

मी ओरडत नाही. काका शेजारच्या खोलीत आहेत, त्यांना ऐकू जाईल म्हणून. त्यांनी मघाशी विचारलं, "सापडलं का तुह्या विहिरीचं भूत?" मी म्हटलं, सापडलं, पुण्यात राहते.

मावशी


पुणे
१३ डिसेंबर २०२५

ती. मावशीस,

नमस्कार.

तुझं बरोबर आहे. मी एका वेबसाइटवर तिथी टाकून तारखा काढल्या होत्या. ती उत्तरेकडची पद्धत धरते, हे मी पाहिलं नाही. एक हजाराच्या वर नोंदी होत्या, एकेक कॅलेंडर कोण उघडणार होतं.

सगळ्या वद्य तारखा पुन्हा काढल्या. आलेख असा सरळ आला की मॅडम खुर्चीतून उठून माझ्या स्क्रीनपाशी आल्या. पावसानंतर बरोबर अकरा-बारा दिवसांनी तुझी विहीर वर यायला लागते, दरवर्षी. आता वह्या काढायच्या नाहीत असं त्याच म्हणाल्या.

सुधारलेल्या अर्जात मी असं लिहिलं आहे, तुला मराठीत सांगते: "एका स्थानिक गृहिणीने ठेवलेल्या नोंदींमधील तारखांच्या विसंगती दूर करण्यात आल्या आहेत." निरक्षर काढलं. तुझी एक तक्रार मिटली.

आता फक्त ते सारखे आकडे राहिले. मी मोजले, चाळीस-एक ठिकाणं आहेत, सगळी त्याच सहा वर्षांत. त्याआधी नाहीत, नंतर नाहीत. पाणी तेवढंच होतं हे उत्तर चालणार नाही मावशी, कारण त्यातल्या काही नोंदी भर पावसाळ्यातल्या आहेत. काय झालं होतं तेव्हा?

अनुपमा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

डोणगाव
मार्गशीर्ष अमावास्या

चि. अनुपमास,

अमावास्येला पत्र लिहू नये म्हणतात. उद्यापर्यंत धीर धरवत नाही.

तुझं ते वाक्य मी चार वेळा वाचलं. "नोंदींमधील तारखांच्या विसंगती दूर करण्यात आल्या." कोणाच्या तारखा? माझ्या वहीत एकही इंग्रजी तारीख नाही. तारखा तुझ्या, विसंगती तुझी, आणि वाक्य असं की वाचणाऱ्याला वाटावं, त्या बाईनं घोळ घातला होता आणि शिकलेल्या पोरीनं तो निस्तरला. हे असं कुठे शिकवतात तुम्हाला? प्रशिक्षण मिळायच्या आधीच आलेलं दिसतं.

सरळ लिही. तारखा मी चुकवल्या, नोंदी बरोबर होत्या. दोन तुकड्यांचं वाक्य आहे, इंग्रजीतही फार लांब होणार नाही.

आणि मी "एक स्थानिक गृहिणी" नाही. जयमाला भगवानराव वायाळ, मॅट्रिक, राहणार डोणगाव. दोर ओढताना मी एक स्थानिक गृहिणी म्हणून ओढला नव्हता.

हे होणार नसेल तर वह्या वापरायची माझी परवानगी नाही. फोटो तुझ्याकडे असतील, पण वह्या माझ्या आहेत आणि त्या लोकांचा पत्ता शेऱ्याच्या खाली छापलेला आहे. मी त्यांना पोस्टकार्ड टाकीन. मराठीत टाकीन. त्यांनी कोश घेऊन बसावं.

शेवटची खेप आहे, मुदत जवळ आली, सगळं मला ठाऊक आहे. तुझं वाईट व्हावं असं मला वाटत असतं तर मी कॅलेंडरं काढून बसले नसते.

सारख्या आकड्यांबद्दल मला पुन्हा विचारू नकोस.

मावशी


पुणे
२४ डिसेंबर २०२५

मावशी,

नमस्कार राहू दे आज.

निरक्षर हा शब्द मॅडमचा नव्हता. माझाच होता. मी तुला तेही खोटं सांगितलं.

का लिहिला ते सांगते, मग रागाव. इथे आले त्या पहिल्या वर्षी वर्गात मी एकदा "मले समजलं नाही" म्हणाले. वर्ग हसला. सहा महिने मला सगळे "मले" म्हणूनच हाक मारायचे. मी घासून घासून भाषा बदलली. मग एक दिवस कळलं की याच लोकांना अर्जात खेडं फार आवडतं. जितकं मागासलेलं, तितकं आवडतं. मॅट्रिक पास बाई, गणितात एक्क्याऐंशी, यात त्यांना काय गोष्ट दिसणार? निरक्षर बाई, गाठींचा दोर, यात दिसते. म्हणून मी तुला निरक्षर केलं. मला जे हसले त्यांनाच तुला विकायला निघाले. हे मला तुझी धमकी येण्याच्या आधीपासून माहीत होतं, आणि म्हणूनच मी फोन ठेवत होते.

वाक्य बदललं. "मागील अर्जात तिथींचे तारखांत रूपांतर करताना अर्जदाराने उत्तरेकडील महिन्यांची पद्धत वापरली. ही चूक पूर्णपणे अर्जदाराची असून मूळ नोंदी अचूक आहेत." खाली तुझं पूर्ण नाव, शिक्षणासकट. मॅडम म्हणाल्या, "ज्याला साधं कॅलेंडर कळत नाही त्याला संशोधन कोण शिकवेल, असं ते म्हणतील. विचार कर." मी केला. वाक्य ठेवलं आहे.

आता तुझी पाळी. "मूळ नोंदी अचूक आहेत" हे मी माझ्या सहीने लिहिते आहे. त्या चाळीस-एक ठिकाणी काय आहे? तू मला विचारू नकोस म्हणालीस, म्हणजे काहीतरी आहे. मला खरं लिहायला लावून तू स्वतः गप्प बसणार असशील तर तसं कळव. मी अर्ज देणार नाही. आयुष्यभर भूगोल शिकवीन, पण ते वाक्य खोटं ठरेल अशा अर्जावर सही करणार नाही.

अनुपमा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

डोणगाव
पौष शुद्ध एकादशी

चि. अनुपमास,

तुझं पत्र घेऊन मी विहिरीच्या कठड्यावर बसले होते. राग कोणाचा करावा ते कळेना. तुझा संपला होता. तुला हसणाऱ्यांचा होता, पण ते कुठे भेटणार. मग जो उरला तो घेऊन लिहिते.

नोंदी अचूक नाहीत. एक्केचाळीस नोंदी खोट्या आहेत.

देवाचा दोर महिन्यातले चार दिवस माझ्या हाताला चालत नव्हता. तुला समजेल. आमच्याकडे बाजूला बसायचं म्हणतात. त्या चार दिवसांत चतुर्थी किंवा एकादशी आली तर सासूबाई पाणी ओढायच्या आणि मला लांबूनच आकडा सांगायच्या, मी पाचव्या दिवशी लिहायची. ते आकडे खरे आहेत. सासूबाई अशा बाबतीत एक बोटही इकडचं तिकडे करायच्या नाहीत. २०१३ साली त्या गेल्या. त्यानंतर ओढणारं कोणी नव्हतं. तुझ्या काकांना एकदा म्हटलं तर म्हणाले, "मागचाच आकडा लिही ना बे. विहीर कुठी पळून चालली?" मी लिहिला. पुढच्या वेळीही लिहिला. २०१९ नंतर माझे ते दिवस थांबले, म्हणून पुढे तसे आकडे नाहीत.

रकाना रिकामा का ठेवला नाही, तर लाज. वही देवघराच्या कोनाड्यात असते. रिकामा रकाना पाहून येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं असतं की बाई केव्हा बाजूला होती. पण मनाला टोचायचं, म्हणून त्या आकड्यांशेजारी बारीक टिंब दिलं आहे. तुझ्या फोटोत ते शाईचे डाग वाटले असतील. आज पुन्हा मोजली. एक्केचाळीस भरली.

एवढंच असतं तर मी मागच्याच पत्रात लिहिलं असतं. पण अजून आहे.

परसाच्या भिंतीपलीकडे बनाबाई राहते. बुद्धविहाराच्या ओळीतलं पहिलं घर. बावीस वर्षं आम्ही भिंतीवरून बोलतो, कढीपत्ता देतो-घेतो. एकदा मी ओसरीवर बसून राहिलेली पाहून ती म्हणाली, "जयमाले, मी ओढून देऊ का? सांग ना, किती हात ते मोजीन." मी म्हटलं, "राहू दे, देवाचा दोर आहे." ती आत गेली. मग मी आकडा भरला.

म्हणजे खरा आकडा भिंतीपलीकडे हात पुढे करून उभा होता, आणि मी खोटा लिहिला. तू मला एका शब्दानं निरक्षर केलंस म्हणून मी दीड महिना आकाशपाताळ एक केलं. तिला का नाही म्हटलं, तो शब्द तर मी उच्चारलाही नाही.

देवाला चाललं असतं गं. मलाच चाललं नाही.

तर त्या एक्केचाळीस नोंदी काढून टाक. नुसत्या काढू नकोस, नाही तर तो शेरा लिहिणारा साहेब पुन्हा विचारील. कारण लिही. बाजूला बसणं, अडचण असले शब्द नकोत. मासिक पाळी असं लिही. मी हा शब्द पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे, बत्तीस वर्षं संसार झाला. आणि हेही लिही की दुसरी बाई मोजायला तयार होती, नोंदी ठेवणारीनं तिला मोजू दिलं नाही.

माझं नाव तिथेही पूर्णच राहू दे.

मावशी


पुणे
९ जानेवारी २०२६

ती. मावशीस,

नमस्कार.

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. वाचून इतका संताप आला की शिकवणीला गेलेच नाही. एक्केचाळीस भोकं पडलेला आलेख घेऊन त्या लोकांपुढे जायचं, आणि वर त्याचं कारण सांगायचं. तुझा आला, काकांचा आला, तुझ्या सासूबाईंचा आला. बनाबाईंचा मात्र आला नाही, हे लिहून ठेवते.

मॅडमना सगळं सांगितलं. एक्केचाळीस गुपचूप वगळ, कोणाला कळणार नाही, असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. आणि त्या तसंच म्हणाल्या. मी म्हटलं, कळण्याचा प्रश्न नाही, तिनं टिंबं दिली आहेत.

काल दुपारी चार वाजता अर्ज गेला. तू सांगितलंस तसाच. मी एक शब्दही मऊ केलेला नाही.

अनुपमा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

डोणगाव
फाल्गुन वद्य पंचमी

चि. अनुपमास,

अनेक आशीर्वाद. आजचे मनापासून आहेत.

निवड झाल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा काका आडतीतून उठून घरी आले, हातात पेढे. एवढं कधी त्यांनी माझ्या मॅट्रिकलाही केलं नसतं. पण त्या लोकांनी घातलेली अट तू वाचून दाखवलीस आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. पुढची दोन वर्षं दर आठवड्याला नोंद, एकही चुकवायची नाही, आणि दुसऱ्या एका व्यक्तीनंही स्वतंत्रपणे मोजायचं. म्हणजे माझ्या एकटीच्या आकड्यावर अजून विश्वास नाही. तू म्हणालीस, तसा तो ठेवूही नये. बरोबर आहे. बरोबर असलं म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे.

काल सकाळी दोर घेऊन बनाबाईकडे गेले. भिंतीवरून नाही, दारातून गेले. तिला सगळं सांगितलं, तुझा अर्ज, ती टिंबं, मी काय लिहायला लावलं ते. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"कोनता दोर हाय हा?" म्हणाली.

"देवाचाच."

"म्हंजे तोच, ज्याले मी हात लावायचा नव्हता."

"हो."

"मंग ठेव तुह्यापाशी. एवढी वर्सं बनाबाईबिगर चालला, पुढंबी चालंल."

मी उभी राहिले. बस म्हणाली नाही. थोड्या वेळाने मी परत आले. रडू आलं नाही, रागच आला, आणि तो तिच्यावर काढण्याजोगा नव्हता.

आज सकाळी नऊ वाजता परसात आवाज झाला म्हणून पाहिलं, तर ती विहिरीवर. स्वतःचा नवा दोर, स्वतःची बादली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोरीचं काम हाय म्हून आली. तुह्या देवाचं पानी तू काढ. मी मोजीन, सांगीन, अन् बादली तिथंच रिकामी करीन."

मी म्हटलं, ठीक आहे.

तिनं मोजलं. सोळा हात. मी मोजलं तर सतरा. मी म्हटलं तुझी गाठ चुकली, ती म्हणाली तुहाच दोर आटला. आम्ही दोघी कठड्यावर हात टेकून उभ्या राहिलो, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तिचा हात माझ्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. तिनं दोर तिच्या हाताने बांधला, मी माझ्या. कोणीच चुकलेलं नव्हतं.

वहीत आता दोन रकाने केले आहेत. दोन हातांचे आकडे एका मापात कसे आणायचे ते तुझ्या मॅडमना विचारून कळव. बनाबाईचं म्हणणं आहे की तिचा आकडा आधी लिहायचा. मी अजून कबूल केलेलं नाही.

मावशी